पुट्टी कुठली घेऊ, किती लावू, कधी घासू?

या महिन्याच्या पत्रांत प्लॅस्टिक मॉडेलवाले एवढे निघाले की बाकीचे प्रश्न सरळ पुढच्या अंकावर ढकललेत. विमानं, रोबो, रेल्वेचं इंजिन, सगळं आहे, पण अडलंय प्रत्येकाचं एकाच ठिकाणी, दोन तुकड्यांमधली फट बुजवायची कशाने. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

सर, ७२ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा, सी हॉक करतोय, आपल्या नौदलाचा, १९७१ ला विक्रांतवरून उडालेला. पंख चिकटवले तर मुळाशी फट राहिली, डावीकडे जरा जास्तच. दुकानात टामियाची करडी पुट्टी, व्हॅलेहोची पांढरी आणि मिलिपुट अशा तीन मिळतायत. बजेट एकाचंच आहे. कुठली घेऊ? — वास्को

व्हॅलेहोची घ्या. आता का ते सांगतो, कारण दुसऱ्या कुठल्या विमानाला कदाचित उलटं सांगितलं असतं.

सी हॉकची भानगड अशी की त्याला इंजिन एकच, नीन नावाचं, पण हवा आत घ्यायची तोंडं दोन्ही पंखांच्या मुळाशी पुढे आणि धूर बाहेर टाकायची तोंडं तिथेच मागे, म्हणजे जिथे तुमची फट आहे नेमकं तिथेच सगळे गोल आणि खोलगट आकार येऊन बसलेत. तिथे टामियाची पुट्टी लावली तर लागेल छान, ती प्लॅस्टिकला थोडी चावते त्यामुळे पकडही पक्की, पण सुकल्यावर घासणार कशी? त्या कोपऱ्यात पॉलिश पेपर जातच नाही, आणि घातलाच दुमडून तर फटीआधी हवेच्या तोंडाची कड जाईल. व्हॅलेहोवाली पाण्यातली आहे, अॅक्रिलिकमध्ये संगमरवराची बारीक भुकटी, प्लॅस्टिकला काही करत नाही. फटीत भरायची, दोन-चार मिनिटांत इअर बड ओला करून जास्तीची पुसून काढायची, फटीतली राहते आणि बाहेरची निघून जाते, घासायचं काम जवळजवळ उरतच नाही. तिचं वाईट म्हणजे पकड बेताची, कडेला पातळ झाली की टवका उडतो आणि तिच्यावर पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाची बारीक रेघ, कोरायला गेलात तर तुकडे पडतात. पण पंखाच्या मुळाशी तुम्हाला कोरायचंय कुठे.

मिलिपुट वाईट नाही. दोन कांड्या समसमान घेऊन मळायच्या, तासभर हाताशी वेळ मिळतो, पाण्याने गुळगुळीत होते, आकसत नाही म्हटलं तरी चालेल. पण एवढ्याशा फटीला ती काढायची, मळायची आणि उरलेली फेकायची, आणि कडक झाल्यावर ती बाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा टणक, मग घासताना पुट्टी तशीच राहते आणि प्लॅस्टिक खाली जातं. एखादा आख्खा फुगवटा घडवायचा असेल तेव्हा मिलिपुटसारखं काही नाही.

हे सगळं खरं तर नंतरचं. डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी म्हणजे आधी बघा की अंगाचे दोन अर्धे पिळून तर चिकटले नाहीत ना. पुढच्या मॉडेलला पंख न चिकटवता नुसते लावून बघायचे, फट दिसली तर स्प्रूचा, म्हणजे भाग ज्या फ्रेमला लटकलेले येतात तिचा, एक तुकडा मापाने कापून अंगाच्या आत आडवा ठोकायचा, अंग पोटाशी जरासं फाकतं आणि फट आपोआप मिटते. आणि आत्ता जी फट आहे ती अर्ध्या मिलिमीटरहून मोठी असेल तर नुसती पुट्टी नको, आधी पातळ प्लॅस्टिक शीटची पट्टी कापून आत बसवा, चिकटवा, आणि पुट्टी वरून फक्त केसाएवढ्या रेघेला. अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो पण ७२ स्केलला तो खऱ्या विमानावरचे ३६ मिलिमीटर होतो, तेवढी फट घेऊन कोणी डेकवरून उडत नाही.

अजून एक. पंखाच्या मध्ये जी आडवी रेघ आहे ती बुजवू नका. जहाजावर जागा वाचवायला पंख वर दुमडायचे, त्याचा तो सांधा आहे, तो खराच आहे. तुम्ही तर वास्कोचे, बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे तिथे सी हॉक उघड्यावर उभा आहे. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की जा आणि मुळाशी, पोटाशी, शेपटीशी भरपूर फोटो काढा, कुठली रेघ खरी आणि कुठली कंपनीने साच्यामुळे दिलेली ते घरी बसून कळत नाही.

मिग-२१ करतोय, ४८ स्केल, जुना चकचकीत धातूच्या रंगाचा. पाठीवरच्या जोडावर पुट्टी लावली, घासली, हाताला एकदम गुळगुळीत. चंदेरी रंग मारला, तीन आठवड्यांनी बघतो तर जोडाची रेघ परत वर आलेली. पुट्टी खराब होती का? — ओझर

ओझरहून मिगचा प्रश्न येणारच, तिथेच तर ती बनायची, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यापासून जो तो तेच मॉडेल काढून बसलाय.

पुट्टी खराब नव्हती, घाई झाली. ट्यूबमधल्या पुट्टीत बारीक भुकटी असते, थोडं रेझिन असतं आणि बाकी सगळा उडून जाणारा थिनर. वरचा थर तासाभरात सुकतो आणि झाकण लावल्यासारखा बसतो, आतला थिनर अडकून राहतो. आणि त्याच थिनरने बाजूचं प्लॅस्टिकही मऊ होऊन किंचित फुगलेलं असतं. तुम्ही त्या अवस्थेत घासून सपाट केलंत, म्हणजे फुगलेलंच सपाट केलंत. मग पुढचे दिवस आतला थिनर हळूहळू बाहेर पडतो, पुट्टी खाली बसते, प्लॅस्टिकही बसतं, आणि रेघ परत दिसायला लागते. शिवाय रंग चकचकीत धातूचा, हिरव्या-तपकिरी कॅमोफ्लाजखाली खपून गेलं असतं ते इथे लांबून ओरडतं.

म्हणून धातूच्या रंगाखाली मी थिनरवाली पुट्टी वापरूच नका म्हणतो. पाठीच्या जोडाला सुपरग्लू, आपलं फेविक्विक घ्या नाहीतर जाड सायनो, म्हणजे दाट सुपरग्लू, मिळाला तर उत्तम. तो आकसत नाही, काही मिनिटांत बसतो. फेविक्विक पातळ असल्यामुळे नळीतून थेट सोडलं तर पॅनल लाइन पकडून पार पंखापर्यंत पळतं, त्यामुळे टूथपिकच्या टोकाने थेंब थेंब ठेवायचं. आणि घासायचं अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. रात्रभर ठेवलंत तर ते प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी टणक होतं आणि मग दोन्ही बाजूंना खड्डे आणि मध्ये वरंबा.

त्यात टॅल्कम पावडर मिसळली की पेस्ट होते, पळत नाही आणि घासायला मऊ जाते, लहान मुलांची पावडर चालते. बरेच जण पावडरऐवजी खायचा सोडा टाकतात, ते मात्र वेगळं प्रकरण आहे, सोड्याने सुपरग्लू त्या क्षणी दगड होतो. मोठं भोक आतल्या बाजूने बुजवायला ठीक, पण जिथे नंतर रेघ कोरायची तिथे नको, कोरणी त्या दगडावरून घसरते आणि बाजूच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये घुसते.

घासायला ४०० च्या वॉटर पेपरने फक्त उंचवटा उतरवायचा, मग ६००, १०००, १५०० आणि या रंगासाठी २००० पर्यंत जायलाच पाहिजे, मधला नंबर गाळायचा नाही. प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. पेपर बोटाने दाबून घासू नका, बोट मऊ असतं ते खड्ड्यात शिरतं. आइस्क्रीमच्या काडीला डबल टेपने पेपर चिकटवा, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. मग तपासणी, आणि ती हाताने नाही, गुळगुळीत लागणं हे काही खरं नसतं. करडा प्रायमर मारा, मिस्टर सरफेसर १००० किंवा १५००, आणि टॉर्च आडवा धरून बघा. प्रायमर नसेल तर जोडावरून चंदेरी मार्कर फिरवा, जी काही भेग उरलीय ती चमकून सांगते. ओरखडे दिसले तर मिस्टर सरफेसर ५०० ब्रशने लावून परत ८०० पासून.

आणि मिगच्या अंगाला पंखांच्या भागात जी गोल फिरणारी रेघ आहे ती सोडा. इंजिन काढायला विमानाचा मागचा अर्धा भाग आख्खा सुटा व्हायचा, तो जोड खरा आहे. ओझरला कोणी जुने तंत्रज्ञ ओळखीचे असतील तर माझ्यापेक्षा तेच चांगलं सांगतील.

दादा, मी इंजिनीअरिंगला आहे, इम्पोर्टेड पुट्टी परवडत नाही. हार्डवेअरवाल्याकडे वॉल पुट्टी, एम-सील, गाडीची लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) असं सगळं मिळतं, त्यातलं काय चालेल? — पुणे

वॉल पुट्टी विसर. ती सिमेंटवाली, भिंत पाणी शोषते म्हणून तिला धरते, गुळगुळीत प्लॅस्टिकवर दुसऱ्या दिवशी पापडासारखी सुटून हातात येईल. डायोरामाची, म्हणजे मॉडेलभोवतीच्या देखाव्याची, जमीन करायला ठेव.

एम-सील चिकटतं छान पण दाणा जाड आणि झाल्यावर फार कडक, बाहेरच्या फटीला नको. आतल्या कामाला मात्र झकास, नाकाखाली चाक असलेलं विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन भरायचं असतं ना, तिथे मासेमारीची शिशाची गोळी आणि त्यावर एम-सील.

गाडीच्या लांबीत दोन प्रकार येतात. एक एनसी पुट्टी, डब्यातून काढली की तशीच लावायची. ती आणि टामियाची करडी पुट्टी जवळच्या नात्यातल्या, फक्त हिचा थिनर तेज असतो, कधीकधी प्लॅस्टिक तडकवतो. आधी स्प्रूवर लावून एक रात्र ठेवून बघ. दुसरा प्रकार म्हणजे हार्डनर मिसळायची ती, गॅरेजवाले मेटल पेस्ट म्हणतात, पॉलिएस्टर. ही खरंच चांगली, कारण ती थिनर उडून सुकत नाही तर रसायन होऊन घट्ट होते, त्यामुळे आकसते अगदी कमी आणि घासायला मऊ. हार्डनर साधारण २ टक्के, म्हणजे वाटाण्याएवढ्या पेस्टला टाचणीच्या डोक्याएवढा, रंग एकसारखा होईपर्यंत कालवायचं आणि लगेच लावायचं, मे महिन्यात तर हातातच घट्ट होते. किलोचा डबा घेऊ नकोस, ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा, बारक्या डबीत थोडी पेस्ट आणि हार्डनर देतो तो, बहुतेक पैसेही घेत नाही, वर चार गोष्टी शिकवतो.

पण तुझ्या बजेटला सगळ्यात भारी वस्तू फुकटात पडलेली आहे, स्प्रू. मॉडेलचे भाग ज्या फ्रेमला लटकलेले असतात ती फ्रेम आपण फेकून देतो. तिचे बारीक बारीक तुकडे कर आणि संपत आलेल्या लिक्विड सिमेंटच्या (भिंतीचं नव्हे, प्लॅस्टिक वितळवून जोडणारा मॉडेलचा गोंद) बाटलीत टाक, बाटली साधारण अर्धी भरेल इतके. एक-दोन दिवसांत मधासारखं घट्ट होतं. हे फटीत भरलं की ती पुट्टी राहतच नाही, तेच प्लॅस्टिक होतं, टणकपणा तोच, घासणं एकसारखं, वर रेघ कोरली तरी कड तुटत नाही. फक्त थांबायची तयारी पाहिजे. यातही थिनर आहे, तो जाड थरात अडकतो, दोन-तीन दिवस तर सोडच, जाड भरलं असेल तर आठवडा. पातळ थर, परत पातळ थर. बाजूला मास्किंग टेप लाव, मध्ये फक्त फट उघडी ठेव, आणि माल ओला असतानाच टेप काढ, घासायचं काम अर्ध्यावर येतं. मला विचारशील तर परदेशी ट्यूब घेणाऱ्यांनीही जोडासाठी हेच वापरावं, पण दुकानात मिळत नाही म्हणून कोणी बघत नाही त्याच्याकडे.

गनप्लाला, म्हणजे गंडम रोबोच्या मॉडेलला, पुट्टी लागते का? हाताच्या आणि पायाच्या मधोमध रेघ दिसते. — ठाणे

शक्यतो नाही. दोन्ही अर्ध्यांच्या कडांना ट्यूबमधलं जाड सिमेंट लाव, मिनिटभर थांब, मग दाबून धर, वितळलेलं प्लॅस्टिक वर रेषेत फुगून येतं. दोन दिवसांनी ते घासून टाक, जोड गायब, आणि रंग न देता ठेवणार असशील तरी डाग दिसत नाही, पुट्टी लावलीस तर रंग द्यावाच लागेल. काही जुन्या किटांत सांध्यांचे तुकडे एबीएस नावाच्या वेगळ्या प्लॅस्टिकचे असतात, त्यांना साधं सिमेंट नीट धरत नाही, स्प्रूवर कुठलं प्लॅस्टिक ते लिहिलेलं असतं ते वाच. आणि घासण्याआधी बघ की ती रेघ मुद्दाम पॅनल लाइनसारखी तर दिलेली नाही ना, नव्या किटांत तसं करतात.

एचओ स्केलचं (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं) डब्ल्यूएपी-४, रेल्वेचं विजेवरचं इंजिन, थ्रीडी प्रिंट करून घेतलंय. छतावर आणि बाजूला प्रिंटच्या थरांच्या रेघा आहेत. टामियाची पुट्टी आख्ख्या बॉडीवर चोपडू का? — भुसावळ

चोपडू नका, बाजूच्या जाळ्या बुजून जातील आणि मग त्या परत उघडायला टाचणी घेऊन बसावं लागेल.

प्रिंट कशाचं आहे ते पत्रात नाही, त्यामुळे दोन्ही सांगतो. रेझिनचं असेल तर टामियाची पुट्टी त्याला चावत नाही, नुसती वर बसते. त्याच रेझिनचा पातळ हात ब्रशने रेघांवर फिरवा आणि यूव्ही दिव्याखाली नाहीतर उन्हात धरा, रेघा भरतात आणि मालही एकच राहतो. आधी प्रिंट नीट धुऊन पूर्ण पक्कं केलेलं पाहिजे, चिकट राहिलं असेल तर वरचा रंग कधीच सुकणार नाही. ओल्या रेझिनला हात लावायचा तर हातमोजे घालूनच.

वायरवाल्या मशीनचं, म्हणजे पीएलए असेल तर रेघा जाड असतात. तिथे गाड्यांचा फिलर प्रायमर मिळतो स्प्रेमध्ये, जाळ्यांवर आधी टेप लावून दोन-तीन हात, मध्ये मध्ये ४०० ने पाण्यातून घासत. कोरडं जोरात घासलं तर पीएलए गरम होऊन लोळ्या धरतो. छताच्या मोठ्या पायऱ्यांना वर सांगितलेली मेटल पेस्ट, पातळ.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, दिवसभर खोलीत पुट्टीचा वास आणि पांढरी धूळ. हे सुरक्षित आहे का? — कोल्हापूर

ताई, छंद चांगला आहे, बंद करू नका, पण खोली बंद ठेवायची नाही. थिनरवाल्या ट्यूब, लिक्विड सिमेंट आणि पॉलिएस्टर पेस्ट यांचा वास नुसता वास नसतो, त्यातली द्रव्यं छातीत जातात आणि डोकं धरतं. खिडकी उघडी, पंखा असा की हवा त्याच्या तोंडावर न येता बाहेर जाईल. धुळीला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पाणी लावून घासणं, धूळ उडतच नाही, चिखल होतो तो पुसायचा. कोरडं घासायचंच तर एन-९५ मास्क, कापडी रुमाल नाही. सुपरग्लू आणि थ्रीडी प्रिंट घासताना तर मास्क हवाच. जेवायच्या टेबलावर हे काम नको. आणि सध्या त्याला पाण्यातली पुट्टी द्या, वास जवळजवळ नाही, चुकलं तर ओल्या फडक्याने निघते. फक्त ती पुट्टी घासताना त्याला म्हणावं कोरडंच घास, पाण्याने ती परत मऊ पडते, त्यामुळे तेवढ्यापुरता मास्क लावायचा.

पावसाळ्यात पांढरी पाण्यातली पुट्टी सुकतच नाही. — रत्नागिरी

सुकणार नाही, हवेतच पाणी आहे. झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि मॉडेल त्यात रात्रभर ठेवा, किंवा टेबल लॅम्पपासून हातभर लांब. हेअर ड्रायर गरम करून मारू नका, पंख वाकडा होईल. नाहीतर जुलै-ऑगस्टपुरतं सुपरग्लू आणि पावडरवर या, त्याला दमट हवा उलट आवडते, लवकर बसतो. स्प्रे प्रायमर मात्र मुसळधार पावसाच्या दिवशी नको, पांढुरका पडतो.

टामियाची ट्यूब अर्धी वापरली आणि आत घट्ट झाली. फेकून देऊ? नेलपॉलिश रिमूव्हर टाकला तर चालेल का? — सोलापूर

फेकू नका. दाबल्यावर थोडी जरी हलत असेल तर ट्यूबचं मागचं टोक उलगडून आतला माल काचेच्या बारक्या बाटलीत काढा, लॅकर थिनरचे थेंब टाकत काडीने ढवळत राहा, दहीभाताइतकं सैल झालं की थांबा. अजून पातळ केलंत तर ब्रशने लावायची पुट्टी होते, बारीक ओरखड्यांना ती उलट जास्त कामाची. पूर्ण दगड झाली असेल तर मात्र गेली.

रिमूव्हर यात टाकू नका. बहुतेकांत अॅसिटोन असतो, तो पुट्टीबरोबर तुमचं विमानही विरघळवेल. बाटलीवर अॅसिटोन नाही असं स्पष्ट लिहिलं असेल तर तो इअर बडवर घेऊन ताजी पुट्टी पुसायला वापरता येतो, तरी आधी स्प्रूवर चोळून बघा. नवी ट्यूब आणलीत की तोंड पुसून झाकण घट्ट लावायचं आणि झिपच्या पिशवीत टोपी खाली करून उभी ठेवायची.